लेकीला लोकल चॅनेलवर बातम्या वाचायला पाठवावं का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि माझे वडीलच समोर उभे राहिले. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन तिनं केलं, ते ऐकून केबल चॅनेलवाल्यांनी ‘बातम्या वाचशील का’ म्हणून विचारलं. आता घरात दोन तट पडलेत. आई म्हणते जाऊ दे, तुम्ही म्हणता बँकेच्या परीक्षांचं काय. तुम्ही विचारलंय, “यात पुढं काही आहे, का लग्नापर्यंतची हौस?”

मी २००१ पासून कोल्हापुरात हेच काम करते. बारा-तेरा वर्षं रात्री आठचं बुलेटिन वाचलं, मग डेस्क, म्हणजे बातम्या लिहून-तपासून देण्याचं काम, सांभाळला. आता नव्या पोरापोरींना शिकवते, आणि कुणी रजेवर गेलं की अजूनही खुर्चीत बसते. त्यामुळं उत्तर लांबणार. पण तुम्ही सरळ विचारलंय तर आधी सरळ सांगते: नुसतं वाचण्यात पुढं काही नाही. वाचता वाचता ती बातमी करायला शिकली, तर मात्र आहे. या दोहोंतला फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आपल्या पिढीच्या डोक्यात वृत्तनिवेदक म्हटलं की मुंबई दूरदर्शन असतं. २ ऑक्टोबर १९७२ ला ते केंद्र सुरू झालं. सुरुवातीच्या काळात भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी तिथं बातम्या वाचल्या. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढं बसायच्या, हा किस्सा आमच्या धंद्यात नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतंच. प्रदीप भिडे यांचा आवाज तर महाराष्ट्रानं कित्येक वर्षं ऐकला. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा माझ्या आईनं डोळे पुसले, जसा काही घरातला माणूस. पण ती व्यवस्था काय होती बघा. वाहिनी एकच, बातमी लिहिणारे वेगळे, वाचणारा वेगळा. तिथं बातम्या वाचणारे अनंत भावे मराठीचे प्राध्यापक होते. म्हणजे बातम्या वाचणं हे तेव्हासुद्धा बऱ्याच जणांसाठी दुसऱ्या कामाला जोडून केलेलं काम होतं. ‘टीव्हीवर दिसतो म्हणजे त्याचं सगळं भागलं’ हा समज त्या काळापासूनचा आहे आणि त्या काळीही खरा नव्हता.

जिल्ह्यातलं चॅनेल हा प्रकारच निराळा. नव्वदच्या दशकात गल्लीगल्लीत केबल आली, १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला, आणि ज्याच्याकडं केबलचं जाळं होतं त्यानं एक चॅनेल मोकळं ठेवून त्यावर पिक्चर, मग भजनं, मग मिरवणुका आणि शेवटी बातम्या दाखवायला सुरुवात केली. आमचा पहिला स्टुडिओ म्हणजे केबल ऑफिसच्या वरची दहा बाय बाराची खोली. मागं निळं कापड, ते ताणून धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे. पंखा लावला की माइकमध्ये घरघर यायची, म्हणून बुलेटिनभर पंखा बंद. मे महिन्यात दोन बातम्यांच्या मध्ये कॅमेरामन टॉवेल फेकायचा आणि मी मान पुसून परत सरळ बसायचे. रेकॉर्डिंग साडेसातला संपलं की एक पोरगा टेप पिशवीत घालून लुनावरून कंट्रोल रूमला पळायचा. एकदा वाटेत त्याचं पेट्रोल संपलं आणि जिल्ह्याच्या बातम्या आठच्या जागी आठ वीसला लागल्या. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं मला विचारलं, “काल उशिरा उठलीस काय?”

तो दुकानदार ही खरी गोष्ट आहे. मुंबईच्या चॅनेलवरची अँकर चुकली तर कुठंतरी कुणीतरी चिडतं आणि विसरतं. तुमची लेक चुकली तर चूक काढणारा माणूस तिला भाजी घेताना भेटेल. जिल्ह्याच्या अँकरचं अख्खं करिअर या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि ती कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

माझ्यावर बेतलेलं सांगते. एका जुलैत, आठ वाजायला तीन मिनिटं असताना पाणीपातळीचा कागद हातात आला. प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यापुढं मजकूर सरकवणारा पडदा, नव्हता; ए-फोर कागदावर मोठ्या टाइपात छापून वाचायचं. कागदावर आकडा ४३. तुम्हाला माहीतच असेल, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. मी ठणठणीत आवाजात वाचलं, “पंचगंगा त्रेचाळीस फुटांवर, नदीनं धोका पातळी गाठली.” खरा आकडा होता ३४. टाइप करणाऱ्याच्या हातून अंक उलटे पडले होते. चूक त्याची, पण आवाज माझा. आणि मला कळायला पाहिजे होतं, कारण त्याच दुपारी मी शिवाजी पुलावरून आले होते. पाणी पात्राबाहेर आलं होतं, पण त्रेचाळीसचं पाणी कसं दिसतं हे कोल्हापूरच्या पोरीला ठाऊक असतं. मी कागदावर विश्वास ठेवला आणि डोळ्यांवर नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीच्या मंडईत सुतारवाड्यातला एक माणूस समोर आला. ती वस्ती पाण्यात जाते पहिली. म्हणाला, “बाई, तुमच्या त्रेचाळीसपायी रात्री दोन म्हशी आन् म्हातारी घेऊन पाहुण्याकडं गेलो. म्हातारी अजून शिव्या देतीया. तुम्हाला न्हाई, मला.” मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून नुसती उभी. त्या रात्री दिलगिरी वाचायची म्हणून मी मालकांकडं गेले, तर ते म्हणाले, लोक विसरतात, तू कशाला आठवण करून देतेस. दोन दिवस भांडून ती दोन वाक्यं वाचली. त्यानंतर आजपर्यंत माझ्या बुलेटिनमध्ये पाण्याचा आकडा वेळ सांगितल्याशिवाय गेलेला नाही. ‘संध्याकाळी पाच वाजताची पातळी’ असंच. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हे शिकवते, मेकअप आठवड्यानंतर.

ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा ही सवय उपयोगी पडली. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, शहरात दूध-पेट्रोल मिळेना. राज्याच्या चॅनेलवर ‘कोल्हापूर बुडालं’ एवढंच. लोकांना ते नको होतं. त्यांना हवं होतं: राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, आंबेवाडी-चिखलीतून बोटी कुठं लागल्या, कुठल्या शाळेत जेवण आहे, व्हीनस कॉर्नरला पाणी उतरतंय का चढतंय. राधानगरीच्या सात दरवाजांची गंमत अशी की ते स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. हे ज्या अँकरला माहीत नाही, ती ‘प्रशासनानं राधानगरीचे दरवाजे उघडले’ असं वाचून मोकळी होते, आणि लगेच कलेक्टर ऑफिसला शिव्यांचे फोन जातात. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, ही बातमी भाविकांसाठी दर्शनाची असते आणि शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यासाठी कृष्णा कुठवर आली त्याची. एकच ओळ, ऐकणारे कान दोन. वाचणारीला दोन्ही माहीत पाहिजेत.

त्याच पुरात आमचं दुखणंही उघडं पडलं. वीज गेली की केबल गेली. ज्या भागाला आमची सगळ्यात जास्त गरज, तिथंच टीव्ही काळा. मग मी वहीतले आकडे घेऊन मोबाइलपुढं बसायचे, फेसबुकवर लाइव्ह. ना लाइट, ना मेकअप, केसाला तेल. एक आजी फोनवर विचारत होती, “ओढ्याचं पाणी पायरीला लागलंय, निघू का सकाळपातुर थांबू?” अशा वेळी अँकरनं हवामान खात्यासारखं बोलायचं नसतं. मी म्हणाले, “आजी, निघा. आत्ता. घरात अजून कोण आहे?” आणि लाइनवरच आपत्ती कक्षाचा नंबर दोनदा सांगितला. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं चांगलं वाचन मी केलेलं नाही, आणि त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

आता उच्चारांचं. लोकांना वाटतं अँकरला ‘शुद्ध’ बोलता आलं की झालं. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार तर यायलाच पाहिजेत: आकड्यातला चार आणि जनावरांचा चारा, जातपडताळणीतली जात आणि ‘निघून जात आहे’ मधलं जात. हल्ली इंग्रजी शाळेतून आलेल्या मुली इथं अडखळतात. महिनाभर मोठ्यानं पेपर वाचला की सुधारतं. अवघड असतं ते गावांचं. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. कागदावर गडहिंग्लज लिहितात, माणसं गडिंग्लज म्हणतात. हातकणंगलेचं हातकलंगले होतं. आणि बावडा? कोल्हापुरात नुसतं बावडा म्हटलं की शहरातलाच कसबा बावडा. पावसाळ्यात ‘बावड्यात अतिवृष्टी’ असं वाचलं की निम्मं शहर खिडकीतून बाहेर बघतं, आणि बातमी असते पन्नासेक किलोमीटरवरच्या गगनबावड्याची. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, त्यामुळं हंगामात तर एका पेठेच्या तालमीचं नाव चुकीच्या क्रमानं घेतलं तरी शाहू स्टेडियमवरून फोन येतो. मुंबईची मुलगी कितीही सुंदर वाचू दे, हे तिला यायला दहा वर्षं लागतील. तुमच्या लेकीला ते आजोळी जाता-येता फुकट मिळालेलं आहे. तिची खरी कमाई ही आहे, चेहरा नाही.

दिवस कसा जातो ते सांगते, कारण संध्याकाळी अर्धा तास काम असतं असं पुष्कळांना वाटतं. दुपारी बाराला जायचं. रिपोर्टर आणि तालुक्यातले स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे घेणारे बातमीदार, व्हॉट्सअॅपवर व्हिज्युअल, बाईट (कुणाच्या तोंडचं बोलणं) आणि चार ओळी टाकतात. त्या चार ओळींची बातमी करायची, म्हणजे अँकर लिंक (अँकरनं पडद्यावर बोलायची बातमीची सुरुवात) लिहायची, व्हीओ (दृश्यांवरचा आवाज) वाचायचा, बाईट कुठून कुठपर्यंत ते एडिटरला सांगायचं. लहान चॅनेलला हे सगळं अँकरच करते. सातला तयार व्हायचं, स्वतःचा मेकअप स्वतः. साडी बऱ्याचदा दुकानाची असते. शेवटी ‘साडी सौजन्य’ अशी पाटी जाते, आणि दुसऱ्या दिवशी घडी न मोडता परत द्यायची असते. एकदा माझ्या हातून कुंकवाचा डाग पडला, तेव्हा अर्ध्या पगाराची साडी मी विकत घेतली. अजून आहे कपाटात.

लिंक लिहिणं हे या कामातलं सगळ्यात मोलाचं. एक उदाहरण देते. पोलिसांची प्रेसनोट अशी येते: ‘फिर्यादी हे परगावी गेले असता अज्ञात इसमाने त्यांचे राहते घराचे कडीकोयंडा कशाचेतरी सहाय्याने उचकटून आत प्रवेश करून सोन्याचे दागिने व रोख रक्कम चोरून नेलेबाबत गुन्हा दाखल.’ नवी मुलगी हे जसंच्या तसं वाचते आणि ‘उचकटून’पाशी तिचा श्वास संपतो. मी तिला विचारते, घरी गेल्यावर आईला कसं सांगशील? ती म्हणते, “कुटुंब लग्नाला गेलं होतं, मागं चोरट्यांनी घर फोडलं.” बस, हीच लिंक. पुढचं वाक्य, काय गेलं. त्याच्या पुढचं, पोलीस काय म्हणतात. कानाला एका वाक्यात एकच गोष्ट झेपते. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द हा माझा वेग; पूर आणि निवडणूक निकालाला त्याहून कमी. घाबरलेला माणूस भरभर ऐकू शकत नाही.

कायद्याचं एक पक्कं शिकवा तिला, चॅनेलवाले शिकवतील न शिकवतील. अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७२. अल्पवयीन असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३. नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो, असं नसतं. राज्याच्या चॅनेलवर ‘कोल्हापूर जिल्ह्यातली मुलगी’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. आमच्या बुलेटिनमध्ये गाव, शाळा आणि ‘वडील रिक्षाचालक’ एवढं म्हटलं की गल्लीसकट कळतं. मी एकदा अशा बातमीतले तीन शब्द ऑन एअर गाळले, स्क्रिप्टमध्ये होते तरी. नंतर बोलणी खाल्ली, पण शब्द गेले नाहीत. तसंच ‘आरोपी’ आणि ‘संशयित’. सकाळी ताब्यात घेतलेल्या माणसाला रात्री तुम्ही चोर म्हणालात आणि तो सुटला, तर तो तुमच्याच बसस्टॉपवर उभा असतो.

आता पैसे. मला सुरुवातीला महिना पंधराशे मिळायचे, तेही रोख, पाकिटात. आज माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींना जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीला आठ-दहा हजार मिळतात, जरा बऱ्या चॅनेलला बारा-पंधरा. यावर घर चालत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. नेमणुकीचं पत्र बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा मुळात वृत्तपत्रांसाठी होता. टीव्हीवाल्यांना त्याचा आधार कधी मिळाला नाही. म्हणून पत्र मागून घ्या. पहिल्या दिवशी मागायला लाज वाटते, सहाव्या महिन्यात पगार थकल्यावर मागून उपयोग होत नाही.

चॅनेलचा पैसा येतो कुठून? सराफ पेढी, साडीचा सेल, क्लासेस, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली. दिवाळीला स्टाफला जाहिरातीचं टार्गेट असतं, अँकरलाही. ती ओळखीची असते ना, तिला कोण नाही म्हणणार. मी चार वर्षं जाहिराती आणल्या आणि पाचव्या वर्षी थांबले, कारण ज्या बिल्डरकडून दिवाळीची जाहिरात आणली त्याच्याच बिल्डिंगच्या पाण्याची बातमी फेब्रुवारीत वाचायची वेळ आली. वाचली. पुढच्या दिवाळीला त्यानं मला चहासुद्धा विचारला नाही. तुमच्या लेकीला हे टार्गेट आहे का, ते आधी विचारा. असेल तर लगेच नाही म्हणू नका, पण तिला डोळे उघडे ठेवून जाऊ द्या.

निवडणुकीत तर हा प्रश्न अजून टोकदार होतो. उमेदवाराची राजकीय जाहिरात केबलवर जायची तर आधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ते सोपं असतं, कागद असतो. अवघड असतं ते बातमीच्या वेषात आलेलं ‘पॅकेज’: अमुकच्या पदयात्रेला उदंड प्रतिसाद, रोज, तीच गर्दी, दुसऱ्या कोनातून. मी काय करायचे? अँकर लिंक वाचायची नाही; व्हिज्युअलवर दुसऱ्याचा आवाज लावा म्हणायचे. शूरपणा म्हणता येणार नाही, पण चेहरा माझा होता आणि निकालानंतरही मला त्याच मंडईत जायचं होतं.

धंदा म्हणून या चॅनेलांचं भवितव्य काय, हेही बघायला पाहिजे. सेट टॉप बॉक्स येण्याआधी तालुक्याचा केबलवालासुद्धा स्वतःचं चॅनेल लावू शकायचा. मोठ्या शहरांचं डिजिटायझेशन २०१२-१३ मध्ये झालं, मग आपल्यासारख्या शहरांची पाळी आली, ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ ची मुदत होती. सिग्नल मोठ्या केबल कंपनीच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य प्रसारण केंद्रावरून, यायला लागला आणि माझ्या माहितीतली तालुक्याची कितीतरी छोटी चॅनेलं बंद पडली किंवा यूट्यूबवर गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं या लोकल चॅनेलांसाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’साठी, नियम काढले: नोंदणी पाहिजे, स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली पाहिजे, पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ अशी पट्टी पाहिजे आणि नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं पाहिजे. तुम्ही ज्या चॅनेलबद्दल विचारताय ते टीव्हीवर लावून बघा, ती पट्टी दिसते का. दिसली तर चॅनेल कागदोपत्री सरळ असण्याची शक्यता बरीच. नसेल तर विचारा.

आणि यंत्राचं. डीडी किसानवर मे २०२४ मध्ये क्रिश आणि भूमी नावाचे दोन एआय अँकर आले. त्याआधी २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीनं लिसा आणली होती. त्यांना पगार नको, रजा नको, साडी सौजन्य नको. समोर आलेला कागद बिनचूक वाचायचा एवढंच काम असेल तर ते यंत्र करणार, यात मला शंका नाही. माझ्या त्या ३४ च्या जागी छापलेले ४३ यंत्रानंही वाचलेच असते, बहुधा माझ्यापेक्षा स्पष्ट. फरक एवढाच की त्यानं त्या दुपारी शिवाजी पूल ओलांडलेला नसता. मी ओलांडला होता आणि तरी चुकले, म्हणून तर इतकी वर्षं ते मनातून जात नाही.

इथून पुढं जाता येतं का? येतं. ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या बातम्या हैदराबादहून, रामोजी फिल्म सिटीतून जायच्या, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं तिकडं गेली. २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत अशी चोवीस तासांची मराठी चॅनेलं लागोपाठ आली आणि मुंबईचा रस्ता उघडला. आज मुंबईत गेलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत. एक टिकली, कारण तिला इअरपीसमध्ये प्रोड्युसर ओरडत असताना समोरच्याला प्रश्न विचारता येतो. तिच्या चाचणीत तिला प्रॉम्प्टर बंद करून सांगितलं, ‘पुलाची एक कमान पडलीये, रिपोर्टर फोनवर आहे, घे.’ तिनं पहिला प्रश्न विचारला, “पुलावर त्या वेळी कोण होतं?” दुसरी जास्त देखणी होती, आवाजही तिचा सरस. दोन वर्षांत परत आली. पहाटेची शिफ्ट, शेअरिंगची खोली आणि दर तीन महिन्यांनी नवा चेहरा आला की मागची खुर्ची. आता इथं सूत्रसंचालन, जाहिरातींचे आवाज, आकाशवाणीला हंगामी निवेदन असं मिळून बरं कमावते. खरं सांगायचं तर माझ्याहून जास्त.

मुलगी म्हणून जे सोसावं लागतं तेही लपवत नाही. रात्री साडेनऊला घरी येणं. नंबर कुठून तरी मिळवून येणारे मेसेज. त्यासाठी ऑफिसचा वेगळा नंबर ठेवायचा, स्वतःचा कुणाला द्यायचा नाही. स्थळं बघताना एका घरानं मला विचारलं होतं, “लग्नानंतर टीव्हीत दिसणार नाही ना?” आणि दुसऱ्या घरानं नेमकं उलट, “आमच्या शोरूमची जाहिरात फुकट करशील ना?” दोन्ही स्थळं वडिलांनीच मोडली. ते स्वतः माझ्या या कामाच्या विरोधात होते, पण रोज आठ वाजता दारातली चप्पल बाजूला सारून टीव्हीपुढं बसायचे आणि मी घरी आल्यावर फक्त चूक सांगायचे. चांगलं कधी म्हणाले नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं असं. बँकेच्या परीक्षा सोडायला लावू नका. तिलाही सोडू देऊ नका. सहा महिने चॅनेलला जाऊ द्या, पण अटीवर: आठवड्यातून दोन दिवस ती कॅमेऱ्याबरोबर बाहेर जाईल. महापालिकेची सभा, ऊसदराचं आंदोलन, जोतिबाची यात्रा, कुठंही. चॅनेलवाले ‘तुम्ही फक्त वाचा, बाहेरचं आमची पोरं बघतील’ म्हणाले, तर त्यांना चेहरा हवाय, आणि चेहऱ्याची मुदत दोन-तीन वर्षं असते. सहा महिन्यांनी तिनं स्वतः उभ्या केलेल्या पाच बातम्या तिच्याकडं असतील तर पुढचा विचार करा. मग शिवाजी विद्यापीठातला पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. काम करून मग शिकायला गेलेली मुलं वर्गात प्रश्न विचारतात, हे मी पाहिलंय. पाच बातम्या नसतील तर बँकेची परीक्षा आहेच, आणि काउंटरवर स्पष्ट बोलणारी बाई कुठल्याही शाखेला हवीच असते.

तिच्या सगळ्या बातम्यांची कॉपी तिनं स्वतःकडं पेनड्राइव्हवर ठेवावी. चॅनेल बंद पडतं तेव्हा सर्व्हर पहिला विकतात. माझी पहिली नऊ वर्षं अशीच गेली.

आणि उद्यापासून घरातला पेपर तिला मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही समोर बसा, चुकलं की थांबवा. पहिल्या रेकॉर्डिंगला हौसेनं हिरवी साडी देऊ नका. मागं हिरवा पडदा असला तर साडी गायब होते आणि नुसतं डोकं आणि हात बातम्या वाचताना दिसतात. आमच्याकडं झालंय ते, आणि लाइव्ह होतं.